फिरते घर आणि किनाऱ्यावरील तळ

पाहुणा गावात आला की त्याचा तळ कोठे पडावा हे गावाने ठरवावे, ही आपल्याकडील जुनी रीत आहे. आषाढी वारीच्या मार्गावर मुक्कामाच्या गावी पालखीतळ नेमलेला असतो. आठवड्याच्या बाजाराला बाजारतळ असतो, तर जत्रेला येणाऱ्या बैलगाड्यांसाठी गाडीतळ असे. या जागा सहजगत्या ठरलेल्या नाहीत. पाणी जवळ असावे, पण पिण्याच्या विहिरीला गाड्या खेटू नयेत. वाट मोकळी असावी, पण उभ्या पिकातून जाऊ नये. आलेल्याची सोय व्हावी आणि राहणाऱ्याची गैरसोय होऊ नये, असा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव त्यांच्यामागे आहे. कोकणच्या किनाऱ्यावर आता एक नव्या प्रकारचा पाहुणा येऊ लागला आहे. तो आपले घरच चाकांवर घेऊन येतो. त्याचा तळ कोठे पडावा हे मात्र पुष्कळ गावांत अद्याप ठरलेले नाही.

या फिरत्या घरास कॅरव्हॅन म्हणतात. शब्द मूळचा फारसी आहे. ‘कारवान’ म्हणजे व्यापाऱ्यांचा किंवा यात्रेकरूंचा तांडा. तो युरोपात गेला आणि एका वाहनाचे नाव होऊन आपल्याकडे परत आला. या वाहनात निजण्याच्या फळ्या, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी, लहानसे शौचालय आणि विजेसाठी बॅटऱ्या अशी बेताची सोय असते. काही वाहनांना स्वतःचे इंजिन असते, तर काही मोटारीमागे जोडून ओढून न्यावी लागतात. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले. त्याच वर्षी केरळनेही तसे धोरण जाहीर केले. धोरणात वाहनाइतकेच महत्त्व वाहनतळास, म्हणजे कॅरव्हॅन उद्यानास दिलेले आहे, ही गोष्ट पंचायतींनी विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे.

हौसेखातर फिरत्या घरातून प्रवास करण्याची प्रथा इंग्लंडात रूढ झाली. विल्यम गॉर्डन स्टेबल्स या निवृत्त नौदल डॉक्टरांनी १८८५ मध्ये दोन घोड्यांनी ओढावयाचे एक घर बांधवून घेतले, त्यास ‘वाँडरर’ असे नाव दिले आणि त्यातून स्कॉटलंडपर्यंत प्रवास केला. वाहन सुमारे दोन टनांचे, रस्ते अरुंद. म्हणून त्यांचा नोकर तीनचाकी सायकलवर पुढे जाई आणि वाट मोकळी आहे की नाही हे पाहून येई. आज घोडे गेले आणि इंजिन आले. पण पुढे जाऊन वाट पाहून येणाऱ्या माणसाची गरज कोकणच्या रस्त्यांवर तितकीच आहे.

एक कल्पित सहल

समजा, पुण्यातील चार मित्र माघ महिन्यात एक कॅरव्हॅन भाड्याने घेऊन निघाले. ताम्हिणी घाट उतरून माणगाव, म्हसळे, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. तेथून खाडी ओलांडून वेळास, केळशी, आंजर्ले, हर्णै, दाभोळ. पुढे गुहागर, वेळणेश्वर, हेदवी आणि शेवटी जयगड, गणपतीपुळे, रत्नागिरी असा त्यांचा बेत आहे. एका बाजूस जांभ्याचे सडे, दुसऱ्या बाजूस माडा-पोफळींची आगरे आणि वळणावळणावर दिसणारा समुद्र असा हा मार्ग आहे. अशा रमणीय किनारी वाटा देशात मोजक्याच असतील.

हा मार्ग सलग नाही. सावित्री, वाशिष्ठी आणि शास्त्री या नद्यांच्या खाड्या तो तीन ठिकाणी तोडतात. रेवस ते रेड्डी या सागरी महामार्गाची कल्पना जुनी असून त्यावरील मोठ्या खाड्यांवर पूल उभारण्याची कामे हाती घेण्यात आली आहेत. पूल नव्हते तेव्हा वाहनांना फेरीबोटींनीच वाट करून दिली. बागमांडला–वेश्वी, दाभोळ–धोपावे आणि तवसाळ–जयगड या फेऱ्यांमुळे आंबेत किंवा चिपळूणमार्गे पडणारा मोठा वळसा वाचला. फेरीबोटीवर चढताना कॅरव्हॅनची एक अडचण होते. तिचा मागचा भाग लांब आणि खाली झुकलेला असतो. ओहोटीच्या वेळी पाण्याची पातळी खाली जाते, धक्क्याचा उतार तीव्र होतो आणि हा भाग जमिनीस घासतो. अर्धी भरती झाल्यावर बोटीत चढणे सोयीचे असते, हे बोटीवरचा कोणताही खलाशी सांगेल. त्यास विचारले मात्र पाहिजे.

गावात शिरल्यावर दुसरी अडचण उभी राहते. किनाऱ्यावरील वाड्यांतून जाणारे रस्ते बैलगाडीच्या मापाचे आहेत. दोन्ही बाजूंस जांभ्या चिऱ्यांचे गडगे, वर आंब्याच्या फांद्या आणि विजेच्या तारा. दोन मीटरांहून रुंद आणि तीन मीटरांच्या आसपास उंच असे वाहन समोरून एस.टी. आली की मागेही सरू शकत नाही. एखाद्या आगराचा गडगा पडतो, फांदी मोडते आणि पाहुण्याची गावाशी पहिली ओळख भांडणाने होते. येथे दोष पाहुण्याचा तितका नसतो. मोठे वाहन कोठवर येऊ शकेल हे सांगणारा एक फलक गावाच्या वेशीवर असता, तर हा प्रसंग टळला असता.

पुळणीवरील रात्र

कॅरव्हॅनने येणाऱ्या माणसास एकच हौस असते: पहाटे दार उघडावे आणि समोर समुद्र असावा. ती समजण्यासारखी आहे. म्हणून आपले चार मित्र संध्याकाळी पाच वाजता पुळणीवर येतात. वाळू रुंद पसरलेली आणि ओली असल्यामुळे घट्ट दिसते. ते वाहन थेट पाण्याच्या दिशेने नेऊन उभे करतात. चांदणे पाहावयाचे म्हणून त्यांनी पौर्णिमा निवडली आहे. धोका नेमका येथेच आहे.

समुद्राला दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते व ही वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. कोकणातील दर्यावर्दी लोक यासाठी एक सोपा हिशेब करतात. तिथीच्या अंकास पाऊणने गुणले म्हणजे भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमीस आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. पौर्णिमेस पंधरा पाऊणे सव्वाअकरा, म्हणजे दिवसा सव्वाअकराच्या आणि पुन्हा रात्री साडेअकराच्या सुमारास भरती. शिवाय पौर्णिमेची आणि अमावास्येची भरती उधाणाची असते; पाणी नेहमीपेक्षा अधिक वर चढते आणि ओहोटीलाही नेहमीपेक्षा अधिक खाली जाते. संध्याकाळी पाच वाजता पुळण इतकी रुंद का दिसली याचे उत्तर यात आहे. मित्र जेवून निजतील, त्या वेळी पाणी चाकांपाशी आलेले असेल. पाणी भरलेल्या वाळूत जड वाहनाची चाके रुततात आणि ते बाहेर काढण्यास गावातील ट्रॅक्टर मध्यरात्री शोधावा लागतो. असे प्रसंग कोकणच्या किनाऱ्यावर मोटारींच्या बाबतीत वारंवार घडले आहेत. हा हिशेब केवळ अंदाजाचा आहे; निश्चित वेळेसाठी भरती-ओहोटीची छापील कोष्टके पाहावीत. तथापि कोष्टक जवळ नसताना दिनदर्शिकेतील तिथी हाताशी असते आणि शाळेतील पाचवीचा विद्यार्थीही हा गुणाकार करू शकतो.

वाहनाचा धोका एका रात्रीपुरता असतो. पुळणीचे नुकसान अधिक काळ टिकते. हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे या किनाऱ्यावर येऊन वाळूत अंडी घालतात. एका घरट्यात शंभरच्या आसपास अंडी असतात आणि ती उबण्यास साधारण ४५ ते ६० दिवस लागतात. घरटे वरून दिसत नाही. त्यावरून जड वाहन गेले तर वाळू दबते. पिल्ले बाहेर पडतात ती बहुधा रात्री किंवा पहाटे, आणि क्षितिजाचा उजळ भाग म्हणजे समुद्र असे समजून त्या दिशेने धावतात. किनाऱ्यावर वाहनाचे दिवे लागलेले असले तर ती उलट वळतात. चाकांच्या खोल चाकोरीत पडली तर त्यांना वर चढता येत नाही. सकाळी कावळे व कुत्री त्यांचा फडशा पाडतात.

वेळास हे नाना फडणवीसांचे मूळ गाव. तेथे २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने ग्रामस्थांच्या साहाय्याने कासवांची घरटी राखण्याचे काम सुरू केले. पुढे पिल्ले समुद्रात सोडण्याचा सोहळा पाहण्यास लोक येऊ लागले. त्यांच्या राहण्या-जेवणाची व्यवस्था गावातील घरांतूनच झाली. पाहुणा घरात निजला, पुळण रात्री अंधारी राहिली आणि उत्पन्न घरातील स्त्रियांच्या हाती आले. कॅरव्हॅनचा विचार करताना हे उदाहरण समोर ठेवणे अगत्याचे आहे, कारण कॅरव्हॅनवाला पाहुणा घरात निजत नाही.

पाणी आणि मैला

फिरत्या घराचा सर्वांत कमी दिसणारा आणि सर्वांत अवघड भाग त्याच्या तळाशी असतो. चार माणसांना ग्रामीण पाणीपुरवठ्याच्या दरडोई ५५ लिटर या प्रमाणाने दिवसाला २२० लिटर पाणी लागेल. वाहनातील टाकीत बहुधा याहून कमी पाणी मावते. म्हणजे रोज कोठेतरी टाकी भरणे आले. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तरीही एप्रिल-मे महिन्यांत अनेक वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. किनाऱ्यावरील विहिरींचे पाणी तर फारच नाजूक समतोलावर टिकलेले असते. वाळूतील गोडे पाणी खाऱ्या पाण्याहून हलके असल्यामुळे त्यावर तरंगत असते. गोड्या पाण्याची पातळी एक मीटर खाली गेली, तर तत्त्वतः खालचे खारे पाणी चाळीस मीटरपर्यंत वर सरकू शकते. एका वाहनाने विहीर खारी होणार नाही. परंतु सुटीच्या दिवसांत पंचवीस वाहनांनी पंप लावून टाक्या भरल्या, तर आगराच्या मालकास त्याचा विचार करावा लागेल.

घेतलेले पाणी सांडपाणी होऊन परत येते. वाहनातील शौचालयाचा मैला एका बंद डब्यात साठतो. त्यात वीस लिटरच्या आसपास मावते. चार माणसांना तो एक-दोन दिवसांत रिकामा करावा लागतो. कोठे? सोय नसेल तर सुरूच्या बनात, ओढ्यात किंवा खाडीत. याहून वेगळे घडेल अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे. वाळूतून मैलापाणी फारसे गाळले न जाता वेगाने खाली उतरते आणि जवळच्या विहिरीत पोहोचते. दुर्गंधी मारण्यासाठी या डब्यात काही वेळा रासायनिक द्रव्ये घालतात. ती मोठ्या प्रमाणात सेप्टिक टाकीत गेली तर मैला कुजविणारे जंतूच मरतात आणि टाकी निकामी होते. यास्तव कॅरव्हॅनचा मैला घेणारी टाकी वेगळी, पक्क्या बांधणीची आणि विहिरीपासून दूर असावी. शोषखड्डा विहिरीपासून किमान पंधरा मीटर दूर असावा असे सांगितले जाते. पुळणीच्या वाळूत तेवढ्यावर विसंबू नये.

येथे आणखी एका धोक्याची नोंद करावी लागते. डिसेंबर २०२४ मध्ये केरळातील वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅरव्हॅनमध्ये दोन व्यक्ती मृतावस्थेत आढळल्या. जनित्रातून निघालेला कार्बन मोनॉक्साइड वायू बंद वाहनात शिरल्यामुळे हा मृत्यू ओढवल्याचे निष्पन्न झाले. या वायूला रंग नसतो, वास नसतो. झोपलेल्या माणसास जाग येत नाही. तळावर विजेची जोडणी दिली तर जनित्र चालविण्याची गरजच उरत नाही. सोयीच्या यादीत शेवटी लिहिली जाणारी ही बाब प्रत्यक्षात जीव वाचविणारी आहे.

इंग्लंडचा अनुभव

दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडात घरांची टंचाई होती आणि सुटीची हौसही वाढली. परिणामी किनाऱ्यालगतच्या शेतांतून कॅरव्हॅनच्या रांगाच्या रांगा उभ्या राहिल्या. ज्याच्यासाठी लोक येत, तो समुद्रच पत्र्यांच्या छपरांआड गेला. अखेर १९६० मध्ये पार्लमेंटने कायदा करून कॅरव्हॅनच्या तळास स्थानिक संस्थेचा परवाना आवश्यक केला. वाहने किती, दोन वाहनांत अंतर किती, पाणी, शौचालये आणि आग विझविण्याची साधने कोणती, या अटी घालण्याचा अधिकार स्थानिक संस्थेस मिळाला. दोन वाहनांमध्ये सहा मीटर अंतर हे तेथील प्रमाण झाले. एका वाहनास लागलेली आग दुसऱ्यास लागू नये हा त्यामागील हेतू. १९६५ मध्ये नॅशनल ट्रस्ट या संस्थेने लोकवर्गणीतून किनाऱ्याच्या जमिनी विकत घेऊन मोकळ्या राखण्याची मोहीम सुरू केली. कायदा पाच वर्षे आधी झाला असूनही जमिनी विकत घेण्याची पाळी आली, हे पुरेसे बोलके आहे.

या कायद्यात एक लहानशी सवलत आहे आणि आपल्या दृष्टीने तीच सर्वांत उपयोगी आहे. मान्यताप्राप्त संघटनेने प्रमाणित केलेल्या शेतकऱ्याच्या जागेवर एका वेळी पाचांपर्यंत कॅरव्हॅन संघटनेच्या सदस्यांना परवान्यावाचून उभ्या करता येतात. पाच वाहनांना पाणी देणे, त्यांचा मैला घेणे आणि त्यांच्यावर नजर ठेवणे एका कुटुंबाच्या आवाक्यातील असते.

आगरातील पाच जागा

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या परिसरात किनाऱ्यावर आदळले. दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर या भागांतील नारळ-पोफळींची आगरे एका दिवसात उजाड झाली. नव्याने लावलेल्या रोपांना फळ धरण्यास अनेक वर्षे लागतात. तोवर रोपांना पाणी घालावयाचे, मजुरी द्यावयाची आणि उत्पन्न मात्र नाही, अशी बागायतदाराची स्थिती होते. अशा आगरात रस्त्याच्या बाजूस, रोपे मोडणार नाहीत अशा बेताने, पाच वाहनांची जागा निघू शकते. पुळण तेथून पायी पाच-दहा मिनिटांवर असते. दार उघडताच समुद्र दिसणार नाही हे खरे. परंतु रात्री भरतीची चिंता नाही, कासवांस उपद्रव नाही आणि सकाळी न्याहारीस घावणे, संध्याकाळी माशाचे जेवण त्याच घरातून मिळू शकते. फिरत्या घरात शेगडी असली तरी कोकणात येऊन स्वतः रांधून खाण्याची हौस दुसऱ्या दिवशी ओसरते, असा बहुतेकांचा अनुभव असतो.

उत्पन्नाचा अंदाज हवा असल्यास तो बेतानेच करावा. एका रात्रीस एका वाहनाकडून पाचशे रुपये आकारले आणि हंगामात पाच जागा साठ रात्री भरल्या, तर दीड लाख रुपये होतात. यातून टाकी उपसण्याचा, विजेचा आणि राखणीचा खर्च वजा होईल. या रकमेने आगर पुन्हा उभे राहणार नाही. रोपे जगविण्यापुरता आधार मिळेल.

ग्रामपंचायतीचे अधिकार कोठे सुरू होतात आणि कोठे संपतात, हे सदस्यांनी नीट समजून घेतले पाहिजे. भरतीरेषेखालील किनारा शासनाच्या मालकीचा आहे. तो भाड्याने देण्याचा अधिकार पंचायतीस नाही. सुरूची बने अनेक ठिकाणी वन विभागाकडे आहेत. सागरी किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना प्रथम १९९१ मध्ये निघाली व पुढे २०११ आणि २०१९ मध्ये नव्याने काढण्यात आली. तिच्यानुसार कासवांची वीण होणाऱ्या जागा आणि वाळूच्या टेकड्या सर्वाधिक संरक्षित वर्गात मोडतात. विरळ वस्तीच्या ग्रामीण भागात भरतीरेषेपासून दोनशे मीटरपर्यंतचा पट्टा ना-विकास क्षेत्र असतो. चाकांवरील वाहन हे बांधकाम नव्हे, असा युक्तिवाद केला जाईल. पण त्याच्याखाली घातलेले काँक्रीट, मैल्याची टाकी आणि शौचालय ही बांधकामेच होत. म्हणून जागा निवडण्यापूर्वी नकाशावर ही रेषा पाहून घ्यावी.

दुसरीकडे, १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२४ मध्ये करांबरोबरच गाडीतळाची फी आणि सार्वजनिक जागेच्या तात्पुरत्या वापराची फी यांचा समावेश आहे. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर त्या वेळी बैलगाड्या आणि टांगे होते. फी बसविण्यापूर्वी गटविकास अधिकाऱ्यांचा सल्ला घेणे इष्ट. आणि जी पंचायत मैला घेण्याची व्यवस्था करणार नाही, तिने फी मागू नये हे न्याय्य ठरेल. नाक्यावर पावती फाडून पाहुण्यास पुळणीची वाट दाखविणे म्हणजे उत्पन्न आज घेऊन विहिरीची किंमत उद्या मोजणे होय.

शिक्षकांना या कामात वेगळे स्थान आहे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीस आलेले अनेक विद्यार्थी बुडून मरण पावले. परगावच्या माणसास संथ दिसणारा समुद्र ओहोटीच्या वेळी कसा ओढतो हे ठाऊक नसते. गावातील शाळकरी मुलास ते ठाऊक असते. तळाच्या दाराशी एक काळा फलक लावून त्यावर रोजची तिथी, भरती व ओहोटीच्या वेळा आणि पोहण्यास वर्ज्य असलेली जागा खडूने लिहिण्याचे काम वरच्या वर्गातील मुलांकडे सोपविता येईल.

हे सारे ठरविण्याची वेळ दिवाळीपूर्वीची आहे. पावसाळा सरला की सडे वाळतात, घाट उतरून वाहने येऊ लागतात आणि थोड्याच दिवसांत पहिली कासवेही किनाऱ्यास लागतात. त्या आधीच्या ग्रामसभेत गावाच्या नकाशावर तीन गोष्टी दाखविता येतील: मोठे वाहन जेथवर येऊ शकते ती जागा, पिण्याच्या विहिरी, आणि मागील हंगामात घरटी सापडली तो पुळणीचा भाग. कोणत्या आगरात तळ पडू शकतो हे त्यानंतर ग्रामस्थ स्वतःच बोट ठेवून सांगतील.